सोलर झटका मशीन: डुकरांना चालतं, माकडांना नाही (चौदा महिन्यांचा अनुभव)

सोलर झटका मशीन, म्हणजे शेताच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं यंत्र, घेऊन चौदा महिने झाले, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा काढला, आता लिहायला हरकत नाही. व्हिडिओत जे रिव्ह्यू दिसतात ते बहुतेक बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीचे, चकचकीत तार आणि हसणारा दुकानदार. पावसाळा काढल्याशिवाय कोकणात कुठल्याच वस्तूबद्दल बोलू नये असं माझं मत आहे, छत्रीबद्दल तर नाहीच नाही.

आधी जागा सांगतो म्हणजे अंदाज येईल. मालवण तालुका, समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत. साठ गुंठे. खाली भाताचे मळे, पाऊस संपला की त्यातच वायंगणी चवळी, कुळीथ, थोडा भुईमूग. वर भरडावर (चढावरच्या वरकस जमिनीत) काजू आणि हापूसची कलमं, कडेला माड. मळ्याच्या खाली व्हाळ (ओढा) आणि व्हाळापलीकडे रान. वडील होते तोवर दाणे भरायला लागले की ते मांगरात (शेतातल्या खोपीत) झोपायचे, पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन. आता भाऊ मुंबईत, मी कुडाळात नोकरीला, रात्रीची राखण करणार कोण. जुन्या साड्या बांधून झाल्या, फटाके झाले (चार दिवस पळतात, पाचव्या दिवशी फटाका वाजला की मान वर करून बघतात आणि परत खातात). दोन वर्षांपूर्वी भात दुधावर असताना एका रात्रीत डुकरं घुसली, सकाळी बघतो तर मळ्यात कुणीतरी गाद्या घालून लोळल्यासारखं दिसत होतं, खाल्लेलं थोडं आणि तुडवलेलं जास्त.

तेव्हा वाडीतल्या एकाने सल्ला दिला की फासकी लाव नाहीतर सरळ मीटरवरून तार सोड. हे दोन्ही मला करायचं नव्हतं. फासकी डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या, हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो. आणि मेन लाईनचा करंट म्हणजे सरळ खून आहे, पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या (खेकडे) पकडायला निघालेला आपलाच माणूस त्या तारेवर पडतो. गुन्हा आहे तो वेगळाच. म्हणून झटका मशीन.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत. मशीन, १२ व्होल्टची बॅटरी, सोलर प्लेट, क्लच वायर, इन्सुलेटर मिळून साडेबावीस हजार गेले, कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि मधले खुंटे घरच्या चिव्याचे (बारीक बांबूचे).

काम कसं करतं ते दुकानदाराने सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. मशीन बॅटरीच्या १२ व्होल्टचे आठ-दहा हजार व्होल्ट करतं, पण ते सलग नाही, साधारण सेकंदाला एक ठोका, आणि तो ठोका इतका बारीक असतो की जनावराला चांगलाच चटका बसतो पण मरत नाही. मशीनजवळ उभं राहिलं की टिक टिक ऐकू येतं. आता महत्त्वाचं, झटका नुसत्या तारेतून बसत नाही. तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या रॉडमध्ये आणि परत मशीनमध्ये, असा फेरा पूर्ण झाला तरच बसतो. म्हणजे अर्ध काम तारेचं आणि अर्ध जमिनीचं.

आणि आपल्याकडे जमीन म्हणजे जांभा. दुकानाच्या माणसाने घाईघाईत एकच रॉड, तोही दोन फूट, भरडावर ठोकून दिला आणि गेला. डिसेंबरपर्यंत ठीक चाललं. मार्चमध्ये जमीन कोरडी ठणठणीत झाली आणि गाय तारेला अंग घासायला लागली. फोन केला तर म्हणे बॅटरी चेक करा. बॅटरी फुल. शेवटी मीच तीन रॉड आणले, न्हाणीचं पाणी जिथे केळीत सोडलंय तिथे दहा-दहा फुटांवर खोल ठोकले, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. संध्याकाळी हिरव्या गवताची लांब काडी तारेला लावून बघितली (हाताने बघू नका, काडीने बघा, आणि काडी हळूहळू पुढे सरकवा) तर कोपरापर्यंत झिणझिण्या. आमच्या मोत्याने त्याच संध्याकाळी तारेला नाक लावलं, पुढचे पंधरा दिवस तो मळ्यात आला नाही, बांधावर बसून लांबून भुंकायचा.

डुकरांसाठी मशीन शंभर टक्के चालतं. नाक पुढे करून हुंगत येतात ना, ओलं नाक, तिथेच बसतो. पहिल्या आठवड्यात दोनदा रात्री किंचाळणं ऐकू आलं, मग बंद. गंमत म्हणजे नंतर एकदा बॅटरी उतरून चार दिवस मशीन बंद होतं, मला पत्ताच नाही, पण एकही डुक्कर आत आलं नाही. एकदा शिकलं की जनावर तारेपासून लांबच राहतं. गाय तर तारेपासून हातभर अंतर ठेवून चरते, त्या हातभर पट्ट्यातलं गवत हिरवंगार उभं.

माकडांसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. पहिल्या दिवशी एका वानराने तारेला हात लावला, उडालं, फणसावर जाऊन बसलं आणि तिथून कितीतरी वेळ नुसतं तारेकडे बघत राहिलं. मी म्हटलं जिंकलो. आठवड्याने अख्खी टोळी फणसावरून आंब्यावर, आंब्यावरून माडावर, जमिनीला पाय न लावता. अडसरं (शहाळी) काढून अर्धी पिऊन खाली टाकतात, वर आपल्याकडे बघतात. पाय जमिनीला नाही तर फेरा पूर्ण होत नाही, त्यांनी माझ्यापेक्षा लवकर ओळखलं. गवा मात्र तारेला मानतो, निदान आमच्याकडे मानला. हत्तीची गोष्ट वेगळी, दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती आहेत, तिथल्या लोकांना हे मशीन पुरेल असं मला कुणी सांगू नये, हत्ती झाड ढकलून तारेवर पाडतो आणि वरून चालत जातो.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

भात कापणीच्या आधी एक दिवस सकाळी आमचे काका दारात. भाऊबंद, शेजारचाच मळा. चहा नको म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाले, "तुझ्या तारेचो झटको माका बसलो रे!" जाऊन बघितलं तर खरंच, माझ्याकडे येणारी सगळी डुकरं त्यांच्या मळ्यातून आरपार. माझं भात उभं आणि त्यांचं आडवं. मी म्हटलं तुम्ही पण तार लावा, तर ते म्हणाले मग जनावर जाईल खंय, पलीकडच्याकडे? आणि तो काय करील?

आजी पडवीत बसून सगळं ऐकत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, मशीन लावलं तेव्हा काही बोलली नव्हती, फक्त राखणदाराला (जागेची राखण करणाऱ्या देवाला) नारळ ठेवायला लावला होता. त्या दिवशी म्हणाली, "तार लावलंस तां बरां केलंस. पण पाण्याची वाट कित्याक बंद केलंस?" मला कळेचना कुठली वाट. मग काठी टेकत टेकत स्वतः आली खाली, मळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि काठीने दाखवलं. जनावरांची पाण्यावर जायची वाट, भरडावरून उतरणारी, करवंदीच्या जाळीतून, बांध तिथे घासून घासून बसका झालेला, आणि सरळ व्हाळाच्या कोंडीवर (डोहावर). मी लहानपणापासून त्या बांधावरून उड्या मारल्यात, तो तिथेच बसका का हे कधी डोक्यात आलं नाही. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची वाट. ते तिथे भात लावतच नसत, नाचणी टाकत, गेली तर गेली. भाताचा लोभ आमच्या पिढीचा. मी काहीतरी वाद घालायला गेलो तर म्हणाली, "तेंका पण प्वाट आसा मां," आणि परत घराकडे वळली, विषय संपला.

मग मी आणि काकांनी मिळून केलं ते असं: माझी तार त्या कोपऱ्यात आत घेतली, साधारण चार गुंठे बाहेर गेले. काकांनी त्यांच्या बाजूने तार लावली, मशीन एकच, माझंच, दोघांच्या तारा ओढायला ते पुरतं. दोन कुंपणांच्या मधे दहा-बारा फुटांची वाट सोडली, भरडापासून व्हाळापर्यंत. नवीन बॅटरीचा अर्धा खर्च काकांचा. यंदा दोघांचंही भात घरात आलं. वाटेतल्या चिखलात रोज सकाळी खुर उमटलेले असतात, डुकराचे, कधी गव्याचे, ते मोठे, आपला तळहात आत मावेल एवढे. आणि सगळे खाली व्हाळाकडे गेलेले.

एक वाईट पण सांगतो. पहिल्यांदा मी सगळ्यात खालची तार सहा इंचांवर लावली होती, तशीच लावायला सांगतात. ऑगस्टमध्ये गवत काढायला गेलो तर त्या तारेवर वेल लोंबतोय असं वाटलं, ओढायला हात पुढे केला आणि बघतो तर हरणटोळ. पोपटी, करंगळीएवढा जाड, टोकदार तोंड. मेलेला. मोठं जनावर झटका बसला की मागे उडी मारतं, सापाला ते जमत नाही, तो विळखा घालून तिथेच राहतो आणि ठोके खात बसतो. त्या दिवशी खालची तार फूटभर वर घेतली. साहजिकच आता साळिंदर खालून येतं आणि करांदे उकरून नेतं. नेऊ दे, करांदे खायला घरात तसंही माझ्याशिवाय कोणी नाही.

बाकी बारीकसारीक. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तारेखालचं गवत काढावंच लागतं, गवत तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत जातो आणि मशीन नुसतं टिकटिक करतं. खारा वारा इथपर्यंत येतो, स्वस्तातली तार वर्षात गंजली, गाठी मारल्या तिथे आधी. आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की तारा मशीनपासून सोडवून ठेवा. मी एकदा ऑफिसात अडकलो आणि वीज पडली, मशीन जळलं. वॉरंटी दोन वर्षांची, पण दुकानात म्हणाले वीज म्हणजे निसर्ग, निसर्ग वॉरंटीत येत नाही. हे बिलावर कुठे लिहिलंय विचारलं तर साहेब जेवायला गेले. सतराशे रुपये देऊन बाहेर रिपेअर केलं.

मशीनला चार स्टार, दुकानाला एक, फिटिंगला शून्य. घ्यायचं असेल तर वाडीतल्या कुणातरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन आधी जागा फिरून घ्या, खुंटे नंतर मारा, नाहीतर माझ्यासारखे उपटून परत मारावे लागतील. माकडांसाठी कुणाकडे काही चालणारा उपाय असेल तर खाली लिहा. फटाके आणि साड्या सोडून.