जोडशब्दांचं सरावपुस्तक: सात महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये नागपुरात सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हे उचललं, ८० रुपयांत. इंग्रजी उतारे आणि त्यात गाळलेल्या जागा, त्याही फक्त जोडशब्दांच्या, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांच्या: हाउएव्हर, ऑल्दो, देअरफोर, अनलेस वगैरे. १२० उतारे, मागे उत्तरं. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याची थोडी धुलाई आहे आणि याच साच्यातली आणखी पुस्तकं बाजारात आहेत. मी बँकेच्या परीक्षा देते. बहुतेक प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत, चुकलं की पाव गुण कट. शिक्षण मराठी माध्यमातलं.

पहिला महिना अक्षरशः वाया गेला. शब्दांचे अर्थ पाठ केले आणि तरी दहापैकी चार-पाचच बरोबर यायचे. नंतर लक्षात आलं, अर्थ मला येतच होते. ऑल्दो, डिस्पाइट, हाउएव्हर या तिघांचा मराठी अर्थ 'तरी'च्याच आसपास घुटमळतो, मग पर्याय समोर आले की अर्थाचा उपयोग काय?

एका उताऱ्यातलं वाक्य असं होतं: '____ हेवी रेन इन ऑगस्ट, द ग्रोअर्स सेव्ह्ड देअर ऑरेंजेस.' मी बिनधास्त ऑल्दो टाकलं. चूक. ऑल्दोच्या पुढे क्रियापदासकट पूर्ण वाक्य लागतं, इथे नुसता 'ऑगस्टमधला जोरदार पाऊस' आहे, म्हणून डिस्पाइट. पुस्तकात उत्तर म्हणून फक्त पर्याय 'डी' एवढंच छापलंय. कारण माझं मीच शोधलं, तेही मराठीत. 'जरी पाऊस झाला' हे ऑल्दो, 'पाऊस होऊनही' हे डिस्पाइट. 'ऊनही' जिथे बसतं तिथे डोळे झाकून डिस्पाइट. त्या दिवसापासून ही जोडी चुकली नाही.

हीच मराठी दुसरीकडे मात्र दगा देते. आपल्याला 'जरी' म्हटलं की 'तरी' म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ऑल्दोनंतर हात आपोआप बट लिहितो. इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतं. अनलेसचंही तेच: 'नाही' त्याच्या पोटातच आहे, तरी आपण पुढे डोन्ट लावून मोकळे.

पुस्तकातलं सगळ्यात कामाचं प्रकरण विरामचिन्हांचं, तेवढ्यासाठी ८० रुपये वसूल. रिकाम्या जागेच्या आधी पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम दिसला, की हाउएव्हर, मोरओव्हर, देअरफोर यांच्या घरात शोधायचं. आधी स्वल्पविराम आणि नंतर कुठलंच चिन्ह नसेल, तर बट, सो, व्हेअरॅज. उतारा वाचायच्या आधीच निम्मे पर्याय गळतात.

आता तक्रार. एका उताऱ्यात मार्चमध्ये कालवा साफ केला, असं वाक्य आहे. रिकाम्या जागेनंतर शेवटच्या गावांना पाणी मिळालंच नाही. मी लिहिलं हाउएव्हर, उत्तर छापलंय देअरफोर. दोन दिवस मी स्वतःलाच वेड्यात काढत होते. धाकटा भाऊ शेवटी म्हणाला, "ताई, काऊन डोकं धरून बसली? कालवा साफ केला म्हणून पाणी नाही मिळालं का? पुस्तकच गंडलंय." असे एकूण पाच उतारे निघाले. एकटीनं अभ्यास करणाऱ्या मुलीला ही पाच उत्तरं किती महाग पडतील, हे छापणाऱ्याला कोण सांगणार?

काही उतारे मधूनच तोडलेत, आगापिछा नाही, त्यामुळे दोन पर्याय सारखेच बसतात. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या या प्रकाराला क्लोझ टेस्ट म्हणतात. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन माणसानं १९५३ मध्ये ही पद्धत मांडली, ती मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला. म्हणजे मुळात परीक्षा मजकुराची होती! त्या कसोटीवर यातले डझनभर उतारे नापास.

सध्या दहापैकी आठ बरोबर येतात. वेळ अजून जास्त लागतो, विशेषतः व्हेअरॅज आणि व्हाइल शेजारी आले की. नवं घ्यायचं असेल तर उत्तरांसोबत कारणं दिलेलंच घ्या, दुकानात उभ्या उभ्या मागची पानं उलटून बघा.

हे पुस्तक आता भावाकडे गेलंय. पेन्सिलीच्या खुणा खोडून देणार होते, पण तशाच ठेवल्या. त्या पाच पानांचे कोपरे तेवढे दुमडून दिलेत.