वॅलँडर की सालँडर, आधी कोण?
स्वीडिश डिटेक्टिव्ह वाचायला घ्यायचंय तर स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' घ्यावी की हेनिंग मांकेलची 'फेसलेस किलर्स', यावर आमच्या वाचणाऱ्या मंडळींत सरळ दोन तट पडतात.

लार्सनवाल्यांचं म्हणणं एकच, त्यातल्या हॅकर सालँडरसारखी बाई दुसरीकडे मिळणार नाही, आणि ते खरंच आहे. म्हाताऱ्या उद्योगपती व्हँगरला दरवर्षी वाढदिवसाला फ्रेम केलेलं वाळकं फूल येतं, कोण पाठवतं माहीत नाही, तिथे जे अडकतो ते शेवटपर्यंत. पण सुरुवातीची पत्रकार नायकावरची ती बदनामीची केस नि कंपन्यांचे घोटाळे, तिथेच कितीतरी जण पुस्तक मिटून ठेवतात. शिवाय स्वीडिश नावाचा अर्थ 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष', आत हिंसा तशीच आहे, काही पानं मला थांबून थांबून वाचावी लागली. २००५ला पुस्तक आलं तेव्हा लार्सन हयात नव्हता, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

मांकेलचं १९९१चं. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेतलं शेत, जानेवारीतली थंडी, म्हाताऱ्या जोडप्याचा खून, मरताना बाईच्या तोंडी एकच शब्द, 'परदेशी', आणि त्या एका शब्दावरून गावोगावचा निर्वासितांवरचा राग कसा उफाळतो ते बघा. कुणी म्हणतं फार संथ आहे, त्यातला पोलीस इन्स्पेक्टर वॅलँडर सतत थकलेला. मला तोच आवडतो, बायको सोडून गेलेली, वडील आयुष्यभर एकच चित्र काढतायत, कधी त्यात रानकोंबडा असतो कधी नसतो, एवढाच फरक!

मी तरी आधी मांकेलच हातात देईन.