टोकाला चांदी, आत तांबं-निकेल : बारा रोलचा अनुभव

जुन्या कागदात गुंडाळलेला, दोन्ही टोकांना चांदीचं नाणं दिसणारा आणि 'कोणीही उघडलेला नाही' असं सांगून विकला जाणारा नाण्यांचा रोल तुमच्यासमोर कोणी धरला, तर घेऊ नका. मी असे बारा घेतले. एक हजार ऐंशी डॉलर रोख मोजले आणि त्यातले जवळजवळ पावणेआठशे बुडाले. आमच्या इथल्या, न्यू जर्सीच्या मराठी मंडळातल्या तीन-चार जणांनी मला पाहून बँकेतले रोल फोडून त्यात चांदीची जुनी नाणी शोधण्याचा छंद सुरू केला आहे. त्यांच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत १९६४ पर्यंतची दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरची नाणी ९० टक्के चांदीची होती. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोन नाण्यांतली चांदी पूर्ण गेली. अर्ध्या डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७१ पासून तिथूनही गेली. पण जुनी नाणी रद्द केली नाहीत, त्यामुळे ती आजही दर्शनी किमतीला चालतात. बँकेत जायचं, पाचशे डॉलर द्यायचे आणि हाफचा, म्हणजे अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचा, बॉक्स घ्यायचा: पन्नास रोल, प्रत्येकात वीस, एकूण हजार नाणी. घरी येऊन एकेक रोल फोडून कडा पाहायच्या. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड पांढरीशुभ्र असते. मिळालं ते ठेवायचं आणि उरलेलं दुसऱ्या बँकेत भरायचं. अर्ध्या डॉलरची नाणी दुकानांत फारशी कोणी वापरत नाही, ती बँकांत पडून राहतात, म्हणून त्यांत अजून काहीतरी सापडतं. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली होती, तेव्हा लोकांनी गोण्याच्या गोण्या वितळवायला दिल्या. त्यातून वाचलेलं आपल्या हाती लागतं.

अडीच वर्षांत मी एक्केचाळीस बॉक्स पाहिले. ९० टक्क्यांची एकोणीस नाणी मिळाली, ४० टक्क्यांची त्रेसष्ट. शनिवारी रात्री जेवणं झाली की मी आणि मुलगी टेबलावर जुनी चादर अंथरून बसायचो. पांढरी कड दिसली की ती 'बाबा!' एवढंच म्हणायची. त्या एका हाकेसाठी मी आठवडाभर बँकांच्या चकरा मारायचो. यात पैसा बुडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दहा डॉलरच्या रोलला आपण दहाच डॉलर देतो. काही निघालं नाही तर दहाचे दहा परत. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण मी नेमकी तीच विसरलो.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका रविवारच्या जुन्या बाजारात एक वयस्कर गृहस्थ टेबल मांडून बसले होते. लाकडी ट्रेमध्ये कागदी रोल उभे लावलेले. कागद पिवळट, त्यावर कधीच्या काळी बंद झालेल्या एका बँकेचं नाव, दोन्ही टोकं यंत्राने दुमडलेली. एका टोकाला वॉकिंग लिबर्टीच्या मागच्या बाजूचा गरुड, दुसऱ्या टोकाला फ्रँकलिन हाफवरची घंटा. दोन्ही १९६४ च्या आधीचे हाफ, म्हणजे दोन्हीकडे ९० टक्के चांदी. "माझे काका त्या बँकेत कॅशियर होते. १९६८ मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून ही पेटी तशीच आहे. आत काय आहे मला माहीत नाही, तुमचं नशीब तुम्ही बघा," असं ते शांतपणे म्हणाले. किंमत रोलला नव्वद डॉलर.

मी मनात हिशेब केला. चांदी तेव्हा औंसाला तेवीस-चोवीस डॉलरच्या आसपास होती. वीसही नाणी चांदीची निघाली तर सव्वासात औंस, म्हणजे एकशे सत्तर डॉलरची चांदी. मी एक रोल मागितला. ट्रेमधून निवडून त्यांनीच तो माझ्या हातात दिला, हे मला फार नंतर आठवलं. गाडीत बसून फोडला तर नऊ नाणी चांदीची, त्यातलं एक १९१८ चं. पैसे जवळजवळ वसूल झाले. मी तसाच परत फिरलो, एटीएममधून पैसे काढले आणि बारा रोल घेतले.

रात्री मुलीला घेऊन बसलो. पहिला रोल: टोकांची दोन चांदीची, मधली अठरा साधी. दुसरा तसाच. तिसरा तसाच. पाचव्या रोलनंतर मुलगी गप्प झाली आणि सातव्यानंतर झोप आली असं सांगून उठून गेली. तिला झोप आली नव्हती. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं, अजूनही लागतं.

उरलेले मी एकट्याने फोडले. दोनशे चाळीस नाण्यांत चोवीस चांदीची, ती सगळी टोकांची. मग एकेक तारीख वाचत गेलो. आतली बहुतेक नाणी १९७१ नंतरची. अमेरिकेच्या द्विशताब्दीची, '१७७६-१९७६' असं छापलेली, चौदा. १९६८ साली बंद झालेल्या पेटीत १९७६ चं नाणं कुठून येणार? शिवाय एक २००६ चं आणि एक २०१४ चं. २००२ पासून २०२० पर्यंत अर्ध्या डॉलरची नाणी चलनासाठी काढलीच नव्हती. टांकसाळ ती थेट संग्राहकांना जादा किमतीला विकत असे. ती बँकेच्या बॉक्सात अधूनमधून दिसतात, कोणी तरी संग्रह मोडून भरणा केला की. मला चटकन उमगलं, ही आमच्यासारख्याच कुणीतरी बॉक्स चाळून झाल्यावर उरलेली नाणी आहेत. चांदी आधीच काढून घेतली, दोन-दोन नाणी टोकांना लावली आणि बाकीचा गाळ मध्ये भरला.

वेष्टनं उजेडात धरून पाहिली. बाहेरून पिवळट, पण दुमडीच्या आत कागद पांढरा. पंचावन्न वर्षं दुमडलेला कागद उलगडताना बहुधा घडीवर तुटतो, हा सहज उलगडत होता. टोकं दुमडण्याचं यंत्र काही मोठी चीज नाही, कोणालाही विकत मिळतं. जुन्या बँकांची न वापरलेली वेष्टनंही मिळतात.

माझी आजी लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये उंबऱ्यावर वाजवून दाखवायची. चांदीचा रुपया खणखणीत वाजतो, खोटा बद्द वाजतो, आणि वाजवल्याशिवाय रुपया घ्यायचा नाही, असं ती सांगायची. बंद रोल वाजवता येत नाही. तो बंद ठेवण्याचं कारणच ते.

पुढच्या रविवारी गेलो तर टेबल नव्हतं. बाजार चालवणाऱ्यांनी पावती मागितली, माझ्याकडे नव्हती. 'आत चांदी आहे' असं तो माणूस एकदाही म्हणाला नव्हता, त्यामुळे तक्रार कशाच्या आधारावर करणार? कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे निदान दाद मागता आली असती.

मी स्वतःला तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता. रोल उघडायला एक पैसा लागत नाही. आत एकशे सत्तर डॉलरची चांदी असण्याची शक्यता असताना तो माणूस न उघडता नव्वदला का विकेल? विकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असतं. पेनीच्या (एक सेंटच्या) रोलमध्ये टोकाला इंडियन हेड हे जुनं नाणं, दहा सेंटच्या रोलमध्ये टोकाला मर्क्युरी हे चांदीचं जुनं नाणं, असे रोल आता मला ऑनलाइनही सर्रास दिसतात. फोटोत कायम टोकच दाखवलेलं असतं.

हे लिहीत असतानाच पुण्याहून भावाचा फोन आला. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या जुन्या नोटेला लाखो रुपये मिळतील, आधी फक्त नोंदणीचे पैसे भरा, असा निरोप त्याला आला होता. मी म्हटलं, एक रुपया देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क कोणाकडून मागत नाही.

चांदीची नाणी विकतच घ्यायची असतील तर सुटी घ्या, दुकानातून, पावतीसह. हाताशी शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ठेवा. ९० टक्क्यांचं हाफ साडेबारा ग्रॅमचं, झिजलेलं असेल तर थोडं कमी. ४० टक्क्यांचं साडेअकरा. साधं ११.३४. शेवटच्या दोघांत फरक फार थोडा आहे, म्हणून तारीख आणि कड दोन्ही पाहा. आणि रोल हवे असतील तर बँकेतून दर्शनी किमतीलाच, त्यावर एक सेंटही नाही.

ती बारा वेष्टनं मी जपून ठेवली आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन येतो. रोल असे दिसत होते: पिवळट कागद, निळी अक्षरं, एकीकडे गरुड, दुसरीकडे घंटा. तुमच्याकडे असा रोल आधीच आला असेल तर फोडताना व्हिडिओ काढा, वेष्टन फाडू नका, आणि कुठून, केव्हा, कितीला घेतला ते लिहून ठेवा. दोघा-तिघांची माहिती जुळली तर तक्रारीला काहीतरी वजन येईल.