लेझर टॅग किट, हुरड्यापासून मे महिन्यापर्यंत: दोन रुपयांची कंजुषी

‘सर, उन्हात खेळू नका.’ लेझर टॅगच्या, म्हणजे प्रकाशाच्या बंदुकांनी खेळायच्या लपाछपीच्या, किटातलं जॅकेट लागलेला नेम मोजतच नाही, या तक्रारीला विक्रेत्याचं हे उत्तर आलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि आम्ही लातूरजवळच्या शेतात तुरीच्या ओळींत लपून एकमेकांवर नेम धरत होतो. डिसेंबरात, अंधारात, कसलं ऊन?

किटात येतं ते एवढंच: नॅनो (सगळं चालवणारा छोटा अर्डुइनो बोर्ड), बंदुकीत ९४० नॅनोमीटरचा आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचा एलईडी, जॅकेटवर तो उजेड टिपणारा सेन्सर टीएसओपी १७३८ आणि वाजायला बझर. (लेझर नावालाच. पोरं अजून लाल रेघ शोधतात.) अडचण जॅकेटवरच्या सेन्सरची. ट्रिगर दाबला की मोबाइलच्या कॅमेऱ्यात एलईडीची जांभळट ठिणगी दिसते, नेमही बरोबर, तरी समोरचा ठणठणीत. भाचा म्हणाला, “मामा, तुमची बंदूक फुसकी हाय.”

शेवटी बोर्ड घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड उलटा केला आणि विचारलं, “याचा कंडेन्सर कुठंय?” सेलचे ३.७ व्होल्ट बूस्ट मॉड्यूल ५ करतं, त्या स्विचिंगची, म्हणजे सतत चालू-बंद होण्याची, खरखर थेट सेन्सरच्या सप्लायवर; ती गिळायला कंडेन्सर लागतो. आणि हा सेन्सर ३८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा, अगदी क्षीण इशारा टिपायला बसवलेला, त्याला ती कशी सोसणार? सप्लायच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, असं सेन्सरच्या डेटाशीटात, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातच, आकृती काढून सांगितलंय. किटवाल्यांनी दोन्ही गाळले. काकांनी तिथंच सोल्डर करून दिले, पैसे घ्यायला तयार नव्हते. त्या रात्रीपासून जॅकेट एकही नेम सोडत नाही. हजारोंचं किट आणि वाचवले किती, तर दोन रुपये!

इथवर मी एकच स्टार देणार होतो. पण एप्रिलात दुपारी खेळलो आणि पल्ला एकदम निम्म्यावर आला. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्या झगमगाटात सेन्सर आपली संवेदना आपणच कमी करतो. म्हणजे विक्रेत्याचं वाक्य खरंच होतं, फक्त त्यानं ते भलत्या वेळी फेकलं. सेन्सरभोवती काळ्या पाइपची टोपी घातली तर थोडा फरक पडतो, पण मग बाजूने लागलेला नेम मोजला जात नाही. आम्ही आता दिवस मावळल्यावरच उतरतो. एक स्टार वाढवला.

नॅनोबद्दल तक्रार नाही. ‘ईएसपी३२ (वाय-फायवाला बोर्ड) घ्या’ म्हणणाऱ्यांना मोबाइलवर स्कोअर हवा असतो, आम्हाला बझर पुरतो. तोही ॲक्टिव्ह, म्हणजे वीज मिळाली की आपोआप वाजणारा, घ्या. साध्या बझरला सूर देणारं टोन फंक्शन आणि आयआरची लायब्ररी (इशारे हाताळणारा तयार कोड), दोघांनाही नॅनोतला टायमर २ च लागतो आणि मग सगळं अडतं.

खरी मजा बंदुकीच्या नळीत आहे. बोअरच्या उरलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, पुढं स्टेशनरीतलं भिंग आणि एलईडी बरोबर भिंगाच्या नाभीय अंतरावर, म्हणजे भिंग ऊन जिथं एका ठिपक्यात गोळा करतं तेवढ्या अंतरावर. रात्री नेम पलीकडच्या बांधापर्यंत जातो. तुरीचा दाट पाला तो अडवतो, म्हणून लपायला तूर उत्तम. घरात मात्र खेळू नका. चुन्याच्या भिंतीवरून किरण परततो आणि कोपऱ्यात दडलेला माणूस उगाच मरतो, मग भांडणं.

विक्रेता आता म्हणतो, बोर्ड बदलून देऊ, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं. तेवढ्या पैशात कंडेन्सरची अख्खी पुडी येते. तीच आणली, उरलेल्या जॅकेटांना लावतोय.