ओपन५जीएस: फुकटचा मोबाईल कोर, वर्षभर वापरल्यावर

पहिलेच सांगून देतो, माझे पाचपैकी चार स्टार. कापलेल्या एका स्टारचं रडगाणं खाली येते, त्यातलं अर्धं माझ्याच अकलेचं आहे.

माझं काम नेटवर्क सपोर्टचं, बसतो नागपूरच्या आयटी पार्कमधे. हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ओळखीचे सर आहेत, त्यांनी मागच्या पावसाळ्यात विचारलं की पोरांसाठी फाइव्हजीची लॅब करायची आहे, बजेट म्हणाल तर एक जुना पीसी आणि तुमचा चहा. मी म्हटलं सर टॉवर कुठून आणता, तर म्हणे टॉवर राहू द्या, कोर दाखवायचा आहे पोरांना. बरोबरच आहे म्हणा, टॉवर म्हणजे दुकानाचं शटर, कोर म्हणजे आतला गल्ला, उधारीची वही आणि गोडाऊन. गिऱ्हाईक आपला आहे का, त्याला काय द्यायचं, माल कोणत्या दारातून जाईल, हे सगळं आत ठरते.

तर ओपन५जीएस हे ते आतलं सगळं, सी भाषेत लिहिलेलं, एजीपीएल या खुल्या लायसन्सवर फुकट. पूर्वी याचंच नाव नेक्स्टईपीसी होतं. फोरजीचा एमएमई (फोनची नोंदणी पाहणारा), एचएसएस (ग्राहकांची वही) पण यातच आणि फाइव्हजीचे एएमएफ (नोंदणीवाला), एसएमएफ (सेशन ठरवणारा), यूपीएफ (डेटा वाहणारा) वगैरे पण यातच, प्रत्येकाची वेगळी सर्व्हिस, वेगळी यॅमल म्हणजे सेटिंगची फाईल, वेगळा लॉग. उबुंटूवर पीपीए म्हणजे सॉफ्टवेअर उतरवायचा पत्ता टाकला की दोन कमांडीत येऊन जाते. इथपर्यंत खरंच लोण्यासारखं आहे, इतकं सोपं की माणसाला वाटते आपल्याला येऊन राहिलं.

मग पहिला दणका. पीसी बर्डीवरून आणलेला, जुना पेंटियमवाला. सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या, पण फोन म्हणजे तेव्हा यूईआरएएनसिम नावाचा सिम्युलेटर, तो काही रजिस्टर होईना. एएमएफचा लॉग नुसता बोंबलून राहिला. मी दोन संध्याकाळी एएमएफची फाईल उलटीपालटी केली, एक एक स्पेस मोजली (यॅमलमधे एक स्पेस हुकली की सर्व्हिस उठतच नाही, हे पण शिकलो). शेवटी सहज मोंगोडीबी या डेटाबेसचं स्टेटस पाहिलं तर तो मरून पडलेला, सिग्नल इल्लीगल इन्स्ट्रक्शन. मोंगोडीबी ५.० पासून पुढे प्रोसेसरमधे एव्हीएक्स हे जादा सूचनांचं गाठोडं लागते आणि त्या पेंटियममधे ते नव्हतंच. सबस्क्रायबरची सगळी माहिती मोंगोत, ती वाचणारा कोरचा भाग यूडीआर, त्याला विचारणारा यूडीएम, त्याला विचारणारा एयूएसएफ आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा बिचारा एएमएफ. म्हणजे बोंब मारणारा रांगेत सगळ्यात पुढे आणि चोर सगळ्यात मागे! हे एक डोक्यात पक्कं बसलं की या सॉफ्टवेअरचं अर्धं ट्रबलशूटिंग तिथंच होऊन जाते. जिथं ओरडा चालू आहे तिथून मागे चालत जा, भाऊ. आम्ही आय५वाला डबा आणला आणि पुढं गेलो.

दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ही मी जवळपास प्रत्येक नव्या माणसाकडून होताना पाहिली.

कोर एका मशीनवर, सिम्युलेटर दुसऱ्या लॅपटॉपवर. ओपन५जीएस येते तेव्हा त्याच्या सगळ्या सर्व्हिसेस लूपबॅकच्या म्हणजे मशीनच्या आतल्याआतल्या पत्त्यांवर बसलेल्या असतात, एएमएफ १२७.०.०.५ वर, यूपीएफ १२७.०.०.७ वर असं. बाहेरच्या जीनोडबीला (फाइव्हजीचा टॉवर, इथं सिम्युलेटरमधला) आत यायचं तर एएमएफचा पत्ता लॅनचा करावा लागते, हे सगळ्यांना समजते कारण नाही केला तर जोडणीच होत नाही. (तरी नाही झाली तर फायरवॉल पहा, ही जोडणी एससीटीपी या वेगळ्याच प्रोटोकॉलवर चालते, पोर्ट ३८४१२, आणि बरेच लोक फक्त टीसीपी यूडीपी सोडतात. पिंग होते म्हणून खुश होऊ नका.) आम्ही एएमएफचा पत्ता बदलला, जीनोडबी चढला, फोन रजिस्टर झाला, पीडीयू सेशन म्हणजे डेटाची जोडणी झाली, आयपी पण मिळाला, १०.४५.०.२. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगा ब्राउझर उघडून बसला आणि पाच मिनिटांनी म्हणे, "सर, सगळं कनेक्टेड दाखवून राहिलं पण काहीच उघडत नाही ना."

लॉगमधे एक एरर नाही बरं का, एकदम चिडीचूप. मग वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारं टूल) लावला, एनजीएपीचा म्हणजे टॉवर आणि एएमएफमधल्या प्रोटोकॉलचा फिल्टर टाकला आणि सेशन सेटअपची रिक्वेस्ट एक एक पान उघडत खाली गेलो. आत खोल कुठंतरी लिहिलेलं असते की जीनोडबीभाऊ, या फोनचा डेटा तुम्ही या पत्त्यावर टाका. तिथं पत्ता होता १२७.०.०.७. आता १२७ म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं घर. म्हणजे कसं, ऑटोवाल्याला सामान देऊन सांगितलं की "घरी नेऊन टाक" आणि तो गेला स्वतःच्या घरी, मानेवाड्याला. सामान पोचलं, तक्रार कुणाचीच नाही, आणि आपण इकडं वाट पाहून राहिलो. यूपीएफच्या फाईलीत जीटीपीयूचा (फोनचा डेटा वाहणाऱ्या बोगद्याचा) पत्ता लॅनचा केला, रीस्टार्ट मारला, पान उघडलं. एका ओळीची चूक, चार तास.

म्हणून सांगतो, लॉग शांत असेल तर वायरशार्क हाच डॉक्टर. एन२चं म्हणजे टॉवर आणि एएमएफचं बोलणं एनजीएपीमधे दिसते, एसएमएफ आणि यूपीएफचं बोलणं पीएफसीपीमधे, पोर्ट ८८०५, आणि खरा डेटा जीटीपीयूमधे, पोर्ट २१५२. २१५२ वर पॅकेट येऊनच नाही राहिले तर पत्त्याची किंवा टॉवरकडची भानगड, येऊन राहिले आणि पुढं इंटरनेटला जात नाहीत तर लिनक्सच्या राउटिंगची भानगड. ओजीएसटन नावाचा यूपीएफचा जो इंटरफेस असते त्याच्यावर टीसीपीडंप (पॅकेट पकडणारी कमांड) लावला की दोन मिनिटात कळते की गाडी कोणत्या चौकात अडकली.

राउटिंगवरून आठवलं, मे महिन्यात लाईट गेली. आता नागपूरचा मे, बाहेर शेहेचाळीस, पोरं कुलरच्या तोंडाला लागून बसलेली, यूपीएस म्हातारा. लाईट आली, मशीन आपोआप उठलं, फोन चढला, आयपी मिळाला आणि नेट पुन्हा गायब. यावेळी मी हुशार, पत्ते तपासले, सगळे बरोबर. मग कळलं की १०.४५.०.० च्या रेंजला बाहेर काढणारा मास्करेडचा (पत्ता बदलून बाहेर पाठवायचा) नियम मी आयपीटेबल्समधे म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधे हातानं टाकला होता आणि सेव्ह केलाच नव्हता, रीबूट झालं की गेला उडून. आयपी फॉरवर्डिंगचंही तेच. यात ओपन५जीएसचा काही दोष नाही, त्यांच्या कागदपत्रात ते लिहिलेलं आहे, पण कोण वाचते बाप्पा.

सिमची पण एक मजा झाली. खरे फोन लावायचे म्हणून प्रोग्राम करता येणारे दहा सिम मागवले, विकणाऱ्यानं सोबत एक्सेल शीट पाठवली. आयएमएसआय (सिमचा नंबर), के (सिमची गुप्त किल्ली), ओपीसी (तिच्या जोडीची किल्ली) असे कॉलम. वेबयूआयमधे म्हणजे ब्राउझरमधल्या ग्राहकांच्या पानावर भरले (पोर्ट ९९९९, युजर ॲडमिन, पासवर्ड १४२३, आणि हा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, नाहीतर कोणीही पोरगा येऊन तुमचे ग्राहक उडवेल). फोन चालू केला की लॉगमधे ऑथेंटिकेशन फेल्युअर, मॅक फेल्युअर. म्हणजे फोननंच कोरला सांगितलं की तू माझा नाहीस. के तीन वेळा ताडून पाहिला, बरोबर. मग एका पोरीनंच पकडलं, म्हणे सर, ओपीसीच्या कॉलममधे दहाही ओळीत एकच आकडा काऊन आहे? आणि ट्यूब पेटली. ओपी हा अख्ख्या ऑपरेटरचा एक असू शकते, ओपीसी मात्र ओपी आणि त्या सिमचा के मिळून निघते, म्हणजे प्रत्येक सिमचा वेगळा. शीटवर नाव ओपीसीचं आणि आत माल ओपीचा. वेबयूआयमधे ड्रॉपडाऊनमधे ओपी निवडलं, लगेच चढले. त्या पोरीला मी खाऊ गल्लीत तर्री पोहे खाऊ घातले. आणि हो, सिंक फेल्युअर दिसलं तर लगेच घाबरू नका, एकदा येऊन कोर आपला आकडा सिमच्या आकड्याशी जुळवून घेते आणि पुढं चालते. मॅक फेल्युअरवाल्यात मात्र किल्लीच चुकलेली असते, शंभर वेळा एअरप्लेन मोड करून काही होत नाही.

पीएलएमएनबद्दल (नेटवर्कचा ओळखक्रमांक) पण जाता जाता. डिफॉल्ट ९९९ आणि ७० आहे, आम्ही टेस्टचा ००१, ०१ केला. एएमएफच्या एकाच फाईलीत तो तीन ठिकाणी आहे, ग्वामी, टीएआय आणि प्लमनसपोर्ट, दोन ठिकाणी बदलून तिसऱ्याला विसरलं की बसा बोंबलत.

आता हवेत सिग्नल सोडायची गोष्ट. आम्ही सोडला नाही आणि तुम्हीही सोडू नका, परवाना लागते, प्रायव्हेट नेटवर्कसाठी सरकारनं २०२२ मधे वेगळे नियम काढले आहेत पण ते कंपन्यांच्या कामाचे. आमचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) आणि फोन दोन्ही शिल्ड बॉक्समधे म्हणजे सिग्नल बाहेर न सोडणाऱ्या डब्यात, फोनची स्क्रीन यूएसबीवरून लॅपटॉपवर. टॉवरच्या जागी एसआरएसरॅन हे सॉफ्टवेअर.

रडगाणं राहिलंच होतं. एक, यूपीएफ यूजरस्पेसमधे म्हणजे कर्नलच्या बाहेर, टन या आभासी इंटरफेसवर चालते, त्यामुळं पाच दहा फोनला मस्त, पण स्पीडची आतषबाजी पाहिजे असेल तर दम लागते. फ्रीफाइव्हजीसी हा तैवानच्या विद्यापीठातला, गो भाषेतला भाऊ, त्याचा डेटा जीटीपी५जी नावाच्या कर्नल मॉड्यूलमधून जाते, पण कर्नल अपडेट झालं की ते मॉड्यूल पुन्हा बांधत बसा. मला ओपन५जीएसच परवडला. दोन, वेबयूआय अगदीच कामचलाऊ, शंभर सिम भरायचे तर स्क्रिप्टच लिहा. तीन, यातला गोंधळ आमचाच पण सांगतो, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४०० दिलेला असते तो कारणानं असते. फाइव्हजीत प्रत्येक पॅकेटवर जीटीपीचं वेष्टन धरून ४४ बाइट चढतात. एका हुशारानं स्पीड वाढेल म्हणून १५०० केला आणि मग व्हॉट्सॲपचा मजकूर जायचा, फोटो गोल गोल फिरत बसायचा. परत १४०० केला.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, फोन का नाही लागत? कारण यात आवाज नाही. फाइव्हजीत कॉल हा आयएमएस या कॉल सांभाळणाऱ्या वेगळ्या यंत्रणेतून जाते आणि आयएमएस ओपन५जीएससोबत येत नाही, कामाईलिओ नावाचं सॉफ्टवेअर वेगळं आणून जोडावं लागते. सरांना हे सांगितलं तर म्हणे मग पुढच्या सेमिस्टरला तेच करू. चहा तेवढाच राहील म्हणे.