बोलोन्यात मुक्काम, बाकी सगळं साध्या गाडीनं

ऑक्टोबरात आई आणि मी उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतात आठ दिवस फिरलो. आई ७१ वर्षांची. गुडघे दुखरे, खाणं शाकाहारी आणि तेही अंड्याशिवाय. असं कुणी तुमच्याबरोबर असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आमची सगळी सहल तिथल्या प्रादेशिक रेल्वेनं केली, आणि या सेवेला मी मनापासून पैकीच्या पैकी गुण देते. बोलोन्यात एक खोली घ्या आणि रोज सकाळी 'रेज्योनाले' पकडा. या प्रांताची रचनाच त्याला सोयीची आहे. इ.स.पू. १८७ मध्ये एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलनं रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत जवळजवळ सरळ रस्ता काढला. प्रांताच्या नावातलं 'एमिलिया' त्याच रस्त्यावरून आलं. पार्मा, मोदेना, बोलोन्या, फाएन्झा, फोर्ली ही गावं त्यावर मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि रेल्वे त्याच्या कडेकडेनं धावते. मोदेना अर्ध्या तासावर, पार्मा सुमारे तासावर. भाड्याच्या मोटारीचा विचार सोडून द्या. जुन्या गावांच्या मध्यभागी 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. त्यात चुकून गाडी घातली तर कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस घरी परतल्यावर येते.

रेज्योनालेचं भाडं अंतरावर ठरतं. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटं, पैसे तेवढेच. जागा राखीव नसते, मिळेल तिथे बसायचं. नियम एकच, पण तो पक्का लक्षात ठेवा: कागदी तिकीट फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची, आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं गाडी सुटण्याआधी चेक-इन करायचं. नुसतं तिकीट काढलं म्हणजे झालं, असं समजणाऱ्याला तपासनीस दंड करतो. पहिल्या दिवशी मी तिकीट पर्समध्ये टाकून थेट गाडीकडे निघाले होते. आईनंच हाक मारली, "अगं, सगळे त्या यंत्रात काय घालतायत ते बघ आधी."

नव्या गाड्यांची नावं 'पॉप' आणि 'रॉक'. त्यांचं दार जवळपास फलाटाच्या पातळीवर येतं, त्यामुळे आईला हात द्यावा लागला नाही. जुन्या डब्यांच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. बोलोन्या स्टेशनात फलाटाचा नुसता आकडा वाचू नका, पुढे 'ओव्हेस्ट' किंवा 'एस्त' आहे का तेही बघा, कारण १ आणि १ ओव्हेस्ट हे वेगळे फलाट आहेत. दहा-बारा मिनिटं हातात ठेवा. वेगवान गाड्या तर जमिनीखालून सुटतात. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं दिसेल, ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी इथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. आम्ही दोघी तिथे थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिलो.

आठ दिवसांतला सगळ्यात मोठा दिवस राव्हेन्नाचा. बोलोन्याहून सव्वा तासाच्या आसपास लागतो, गाव सपाट आहे, सगळं पायी बघून होतं. मोझाइकच्या, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांच्या, पाच स्थळांचं एकत्र तिकीट मिळतं, ते आधीच ऑनलाइन काढा, कारण गाल्ला प्लाचिदियाची समाधी आणि निओनियन बाप्तिस्मागृह इथे ठरलेल्या वेळीच सोडतात. गाडी पोहोचण्याच्या वेळेत आणि त्या वेळेत निदान दीड तास ठेवा. मधल्या वेळात स्टेशनजवळचं सांत'आपोल्लिनारे नुओव्हो हे चर्च बघून होतं.

गाल्ला प्लाचिदियात आत फक्त पाच मिनिटं मिळतात. इमारत अगदी लहान, खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे, म्हणून आत मधाच्या रंगाचा अंधार. उन्हातून आत गेलं की पहिली दोन मिनिटं डोळे सरावण्यातच जातात. म्हणून रांगेतच गॉगल काढा आणि सावलीत उभ्या राहा. आई तर डोळे मिटूनच उभी होती. आत गेल्यावर तिनं मान वर केली. गडद निळ्या घुमटावर सोनेरी चांदण्या, पंधराशेहून जास्त वर्षांपूर्वी लावलेल्या. ती काही बोलली नाही, माझा दंड घट्ट धरून ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "परत रांग लावता येईल का गं?" एका तिकिटावर एकदाच जाता येतं. तेवढंच वाईट वाटलं.

शेजारच्याच आवारात इ.स. ५४७ मध्ये अभिषेक झालेलं सान व्हिताले हे चर्च आहे. तिथे घाई नाही. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझाइक समोरासमोर आहेत, पण उंचावर. छोटी दुर्बीण न्याच. सांत'आपोल्लिनारे इन क्लास्से गावाबाहेर आहे, बसनं जावं लागतं आणि तिकीट वेगळं. त्यातलं मोझाइकमधलं हिरवं कुरण बघायला जा.

आता जेवण. इथली ताजी पास्ता अंड्यात मळतात, म्हणून अंडं न खाणाऱ्यांनी 'पास्ता सेक्का', म्हणजे वाळवलेली पास्ता मागावी. तोर्तेल्लिनीत डुकराचं मांस असतं. मोठ्या तोर्तेल्लोनीत बहुधा रिकोत्ता हे मऊ चीज असतं, पण अंडं आलंच. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, त्याला पर्याय नसतो. आईला हे आधी सांगितलं आणि तिनं तिचं ठरवलं. पियादिना म्हणजे आपल्या पोळीची चुलत बहीणच, पण मूळ कृतीत डुकराची चरबी, 'स्ट्रुट्टो', असते. ऑलिव्ह तेलातली बऱ्याच ठिकाणी मिळते. 'सेन्झा स्ट्रुट्टो' म्हणा आणि आत भाजलेल्या भाज्या घाला. फेर्राराच्या पिळाच्या पावातही तीच चरबी. हे शब्द एका चिठ्ठीवर लिहून मी दाखवत होते, आणि एकाही टपरीवर कुणी कपाळाला आठी घातली नाही.

साधारण अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाहीत. बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही. कॉफी काउंटरला उभ्यानं प्यायलात तर स्वस्त पडते.

मोदेनाहून बाल्सामिक, म्हणजे द्राक्षांचा मुरवलेला व्हिनेगर, आणायचा असेल तर बाटलीवर 'त्रादित्सिओनाले' वाचा. तो किमान १२ वर्षं मुरवलेला असतो आणि १०० मिलीच्याच बाटलीत येतो. बाकीचा स्वस्त असतो, पण वस्तू वेगळी.

बोलोन्यात पाऊस आला तरी छत्री लागत नाही, एकूण ६२ किलोमीटर लांबीच्या, छत असलेल्या कमानींखालून चालायचं. सान लुकाच्या टेकडीपर्यंत ६६६ कमानी आहेत. गुडघेवाल्यांनी चढताना गाडी किंवा बस करावी आणि उतरताना जमेल तेवढं चालावं.

निघण्याआधी 'शोपेरो', म्हणजे संप, जाहीर झालाय का ते रोज बघत जा. आमचा फेर्राराचा दिवस त्यातच गेला असता. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात हमीच्या गाड्या सोडतात, हे खोलीच्या मालकिणीनं आदल्या रात्री सांगितलं. आठची गाडी धरून गेलो आणि संध्याकाळी सातच्या गाडीनं परत आलो.