वार्षिक पासचे नऊ महिने: राइडच्या रांगेत किती वेळ थांबायचं?

गेल्या जूनमध्ये आम्ही एका थीम पार्कचा वार्षिक पास काढला. आम्ही दोघं, मोठा मुलगा, धाकटी मुलगी आणि सासूबाई. मुलुंडहून सकाळी लवकर निघालं तर पावणेदोन तासांत पोहोचतो. मार्चअखेरपर्यंत आमच्या अकरा खेपा झाल्या. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते राइड्स असलेल्या कुठल्याही पार्कात उपयोगी पडेल. पास वसूल होतो का, असं ओळखीतले सगळेच विचारतात. आमचा तिसऱ्या खेपेलाच झाला. मी मात्र या नऊ महिन्यांत दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे होते: रांगेत किती वेळ उभं राहायचं आणि कधी बाहेर पडायचं?

सुरुवात पहिल्याच खेपेला झाली. रविवार होता. दहाच्या सुमारास आत गेलो आणि पाचला निघालो. परतताना मोठा म्हणाला, "चारच राइड झाल्या." मग आम्ही गाडीत बसून हिशोब मांडला. चार राइड्सवर सगळी मिळून जेमतेम बारा मिनिटं, आणि रांगेत जवळजवळ चार तास. मी अठरा वर्षं बँकेत काउंटरवर काम करतेय. म्हणजे रांगेच्या पलीकडच्या बाजूला. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो किती वेळ उभा आहे हे मला कळतं. त्या दिवशी माझ्या मुलांचे चेहरे तसे झाले होते आणि ते मला सहन झालं नाही.

दुसऱ्या खेपेपासून मी मोजायला लागले. साधन सासूबाईंनी दिलं. जप करताना बोटात अंगठीसारखा घालतात तो काउंटर. दादरला फुलमार्केटच्या बाजूला पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतो, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. त्यांनी स्वतःसाठी दुसरा घेतला आणि हा मला ठेवायला सांगितला. एवढा काउंटर आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, याशिवाय काहीही लागत नाही.

रांगेची लांबी बघून वेळेचा अंदाज बांधायचा, ही पहिली चूक असते. रांग लांब आहे म्हणून आम्ही जिच्यापासून परत फिरलो, ती पाण्यातली बोटीची राइड होती. तिथे बोटी एकामागून एक लागतात, माणसं सतत चढत राहतात, रांग चालतच असते. उलट टॉवरवरून खाली सोडणाऱ्या राइडपुढे जेमतेम साठ माणसं होती, म्हणून आम्ही तिथे धावलो. पण त्या राइडला एका वेळी बाराच जणं बसत होते. बसवायचं, पट्टे तपासायचे, वर न्यायचं, खाली आणायचं, उतरवायचं, यात पाच मिनिटं जायची. साठ माणसं म्हणजे पाच फेऱ्या, म्हणजे पंचवीस मिनिटं, आणि सगळी उन्हात.

म्हणून आता आम्ही रांगेत शिरण्याआधी बाहेर कठड्याशी उभे राहतो. रोलर कोस्टरची गाडी सुटली की स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुढची सुटली की थांबवायचं. तीन फेऱ्या बघायच्या, एकीवर विसंबायचं नाही. त्याच वेळी मोठा काउंटरवर खरोखर किती जण बसले ते मोजतो. आमच्या पार्कातल्या कोस्टरला चोवीस जागा आहेत, पण भरतात साधारण वीस. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा रिकामी जाते. दोन गाड्या चालू असतील तर अडीच मिनिटांनी एक सुटते. म्हणजे मिनिटाला आठ माणसं. रांगेच्या नागमोडी कठड्यांत एका पट्ट्यात साधारण पंचवीस माणसं मावतात, तेव्हा पट्टे मोजायचे. आठ पट्टे म्हणजे दोनशे माणसं, दोनशे भागिले आठ, पंचवीस मिनिटं. आमचा अंदाज बहुतेक वेळा पाचेक मिनिटांच्या आत बरोबर येतो.

या हिशोबामागचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी फोन लागायला किती थांबावं लागेल याचं गणित मांडलं, १९०९ मध्ये त्यावरचा त्यांचा पहिला लेख आला आणि रांगांचा अभ्यास तिथून सुरू झाला. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक नियम सिद्ध केला: रांगेतली माणसं म्हणजे मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. आपण तोच नियम उलटा करून वापरतो. बँकेत टोकन बघून मी ग्राहकाला "वीस मिनिटं बसा" म्हणायचे तेव्हा नकळत हेच करत होते.

हा हिशोब करायला लागल्यावर पहिल्यांदा कळलेली गोष्ट म्हणजे गर्दी कमी असलेल्या दिवशीही रांग हळू सरकू शकते. ऑगस्टमध्ये एका मंगळवारी पार्क जवळजवळ रिकामं होतं. कोस्टरला शंभरच माणसं होती. मी बारा-तेरा मिनिटं धरली, लागली वीस. त्या दिवशी एकच गाडी चालू होती. एक गाडी असली की ती पूर्ण फिरून येईपर्यंत आणि माणसं उतरून दुसरी बसेपर्यंत फलाटावर काहीच घडत नाही. चार मिनिटांनी एक फेरी, मिनिटाला पाच माणसं. तेव्हा रुळावर किती गाड्या आहेत हे आधी बघायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. मिनिटाला आठ माणसं चढत असतील आणि नऊ येत असतील, तर फरक एकाचाच दिसतो. पण तासाभरात रांगेत साठ माणसं वाढतात आणि ती कमी होत नाहीत, उलट पुढच्या तासात आणखी साठ. म्हणून साडेअकरानंतर रांग फुगत जाते आणि दुपारभर तशीच राहते. दारं उघडल्यावरचा पहिला तास म्हणूनच सोन्यासारखा असतो. आम्ही तेव्हा सगळ्यात कमी माणसं बसणारी राइड आधी करतो. सगळ्यात प्रसिद्ध राइडकडे सगळे धावतात. आम्ही टॉवरकडे जातो, मग कोस्टर. बोटींचं काम दुपारीही होतं. मोठ्या हॉलमधल्या सिनेमासारख्या राइड्सही दुपारसाठी ठेवतो. तिथे एका वेळी शे-दीडशे माणसं आत जातात, त्यामुळे रांग हॉलच्या जागांपेक्षा कमी असेल तर फक्त चालू खेळ संपेपर्यंत थांबायचं असतं. पंखे असतात, सासूबाईंनाही बसता येतं.

बोर्डावर लिहिलेल्या मिनिटांवर मी विसंबत नाही, पण ती बघते. ४५ लिहिलेलं असताना आम्ही अठ्ठावीस मिनिटांत चढलोय. बऱ्याच पार्कांत वेळ थोडी वाढवूनच लिहितात म्हणे, आणि मला ते योग्य वाटतं. अर्धा तास सांगून पंचेचाळीस मिनिटं उभं केलेला माणूस काउंटरवर पोहोचतो तेव्हा त्याचं काम झालं तरी तो रागावलेला असतो. एकदा मात्र एका राइडला बोर्डच बंद होता आणि दारावरच्या मुलाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो बिचारा प्रत्येकाला "दहा मिनिट" म्हणत होता. त्या रांगेत भांडणं झाली. उभं राहण्याचा त्रास पायांना होतो, पण किती उभं राहायचंय हेच माहीत नसलं की माणूस आतून थकतो. तासभर लागेल हे आधी कळलं तर मुलंसुद्धा शांतपणे ठरवतात.

पैसे देऊन पुढे जाण्याच्या रांगेबद्दल मला स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकदाच तो जादा पास घेतला. खरंच भराभर पुढे गेलो. पण बाजूच्या कठड्यापलीकडची माणसं आमच्याकडे बघत होती, आणि मला हिशोब माहीत होता. मिनिटाला आठ जागा असतील आणि त्यातल्या तीन पुढच्या रांगेला गेल्या, तर साध्या रांगेला पाचच उरतात. पंचवीस मिनिटांची रांग चाळीस मिनिटांची होते. आमची वाचलेली मिनिटं त्यांच्याकडून आलेली होती. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात १९९९ मध्ये असा पास सुरू झाला तेव्हा तो सगळ्यांना फुकट होता, आपली वेळ घेऊन ठेवायची आणि त्या वेळेला यायचं. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैशाची सोय आली. मला पहिली कल्पना पटते, दुसरी पटत नाही. पुन्हा तो पास आम्ही घेतला नाही. ज्यांना वर्षातून एकदाच यायला जमतं आणि सोबत लहान मूल आहे त्यांना मी घेऊ नका म्हणणार नाही, पण घेण्याआधी बाजूची साधी रांग मोजा. वीस मिनिटांची असेल तर पैसे वाया जातात.

आपल्या मुंबईकरांना दोन रांगा नव्या नाहीत. लालबागला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, आणि कुठल्या रांगेत उभं राहायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं असतं. सासूबाई नवसाच्या रांगेत रात्रभर उभ्या राहिलेल्या आहेत. मी त्यांना विचारलं, कसं जमलं? म्हणाल्या, "अगं, रात्र जाणार हे धरूनच गेले होते." मग मी त्यांना सांगितलं की २०१९ मध्ये ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये एक नवा कोस्टर उघडला तेव्हा लोक दहा-दहा तास थांबले होते. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "तेही ठरवूनच गेले असतील," म्हणाल्या.

त्यांच्या या बोलण्यावरूनच आमचा नियम ठरला. सुरुवातीला मी राइडच्या लांबीवरून मर्यादा काढायचा प्रयत्न केला होता. दोन मिनिटांच्या राइडला वीसपट, म्हणजे चाळीस मिनिटं, असं काहीतरी. तो टिकला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्यावरची पंधरा मिनिटं शेडखालच्या पंचेचाळीसपेक्षा जड जातात. आता आम्ही उन्हात वीस आणि सावलीत पंचेचाळीस धरतो, आणि ही मर्यादा आमच्यातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाची असते. धाकटी बडबड थांबवून कठड्याला टेकली की वीस झाली नसली तरी बाहेर. शिवाय दिवसात एकच मोठी रांग, आणि ती कुठली हे गाडीतच ठरवायचं. पाणी आणि शौचालय रांगेच्या आधी. रांगेत जागा धरून मागून चौघांना बोलवायचं नाही. मोठ्याला पहिल्या ओळीत बसायचं असतं, तिची रांग वेगळी लागते आणि पंधरा-वीस मिनिटं वाढतात. ते त्याने त्याच्या मोठ्या रांगेत धरायचं. एकटं कोण आहे, असं ऑपरेटरने विचारलं की तो हात वर करतो आणि रिकाम्या जागेवर जातो, त्याची अर्धी रांग वाचते.

राइड मध्येच बंद पडली तर थांबायचं का, याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अर्धा तास उभं राहिल्यावर बाहेर पडणं जिवावर येतं. आता मी एकच बघते: रिकामी गाडी फिरायला लागली का? बंद पडलेली राइड पुन्हा सुरू करण्याआधी रिकाम्या फेऱ्या मारून तपासतात. रिकामी गाडी दिसली की थांबायचं. पंधरा मिनिटांत तीही दिसली नाही तर निघायचं, आधी कितीही वेळ गेलेला असो. पावसाळ्यात वीज चमकली तर उंच राइड्स बंदच ठेवतात, तेव्हा मी थांबतच नाही.

गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, तिथे शाळेच्या सहलीला मी मार्व्याहून बोटीने गेले होते. रांगेत किती वेळ गेला हे मला आठवत नाही, बाई मोजून मोजून आत सोडत होत्या एवढं आठवतं. माझ्या मुलांनाही पुढे मिनिटं आठवू नयेत असं मला वाटतं. मोजायचं काम माझं.

धाकटीबद्दल सांगायचं राहिलं. मोठ्या कोस्टरला १४० सेंटिमीटर उंची लागते. जूनमध्ये ती १३७ होती. प्रत्येक खेपेला ती दारावरच्या पट्टीखाली उभी राहायची, दारावरची ताई हात ठेवून "पुढच्या वेळी" म्हणायची, आणि ही काही न बोलता आजीजवळ बाकावर जाऊन बसायची. फेब्रुवारीत एका शनिवारी तिचं डोकं पट्टीला लागलं. त्या दिवशी तेरा पट्टे भरलेले होते आणि एकच गाडी चालू होती. मोजलं तर सव्वातीनशे माणसं, मिनिटाला पाच, म्हणजे पासष्ट मिनिटं. सावली होती, पण पंचेचाळीसच्या पुढे वीस मिनिटं. मी तिला आकडा सांगितला. सोळा गाड्या तर पूर्ण जाणार, आपला नंबर सतरावीत. तिने काउंटर मागून घेतला आणि शून्यावर आणला.

गाडी सुटली की एकदा दाबायची. सातव्या गाडीला खाली बसली, दहाव्याला पाणी प्यायली, बाराव्याला मोठ्याने तिला उचलून रूळ दाखवला. काही गाड्यांत सोळाच माणसं बसली, त्यामुळे आमचा अंदाज चुकला. सतरावी आमच्या डोळ्यांसमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, मी अजून एक म्हटलं. बाहत्तराव्या मिनिटाला फाटक उघडलं. सुट्या वस्तू घेऊन बसता येत नाही, म्हणून तिने अठरावर थांबलेला काउंटर ट्रेमध्ये ठेवला, माझ्या चपलांच्या शेजारी, आणि आतल्या बाजूची जागा घेतली.